पत्त्यावरून माणूस : सामाजिक मानसशास्त्रातील काही मूलभूत संकल्पना

जातीचा विचार आपल्याकडे धर्मशास्त्र, इतिहास, अर्थकारण आणि कायदा या अंगांनी पुष्कळ झाला आहे. जात माणसाच्या मनात कशी वास करते, कोणत्या सवयींच्या आधाराने टिकते आणि कोणत्या परिस्थितीत क्षीण होते, या अंगाचा विचार मात्र आपल्या अभ्यासवर्गांत अजून पुरेसा रुजलेला नाही. हे काम ज्या शास्त्राचे आहे त्यास सामाजिक मानसशास्त्र म्हणतात. प्रस्तुत लेखात या शास्त्रातील काही मोजक्या संकल्पनांचा परिचय करून देण्याचा आमचा हेतू आहे. उदाहरणे शक्यतो जवळची घेतली असून मुख्य उदाहरण मुंबईतील गोवंडीचे आहे. पाली सुत्तांतील विचार जेथे विषयाला भिडतो तेथे त्याचाही निर्देश केला आहे.

१. शास्त्राचे स्वरूप

मानसशास्त्र व्यक्तीच्या मनाचा अभ्यास करते. समाजशास्त्र संस्था, वर्ग आणि समूह यांचा. या दोहोंच्या सीमेवर एक प्रश्न उभा राहतो : माणूस इतरांमध्ये असताना, किंवा इतर काय म्हणतील हे मनात असताना, वेगळा का वागतो? या प्रश्नाचा पद्धतशीर शोध म्हणजे सामाजिक मानसशास्त्र. एकटा सायकलस्वार आणि स्पर्धेतील सायकलस्वार यांच्या वेगात फरक का पडतो, हा प्रश्न १८९८ मध्ये नॉर्मन ट्रिपलेट या अमेरिकन अभ्यासकाने हाती घेतला. या शास्त्राच्या आरंभीच्या प्रयोगांत त्याची गणना होते. १९०८ मध्ये विल्यम मॅकडूगल आणि एडवर्ड रॉस यांची या विषयावरील दोन स्वतंत्र पुस्तके प्रसिद्ध झाली. भारतात राधाकमल मुखर्जी आणि नरेंद्रनाथ सेनगुप्त यांनी १९२८ मध्ये या विषयाचा परिचयग्रंथ लिहिला.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा मात्र याच्याही आधीचा आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात तरुण भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवरील आपला निबंध वाचला. जात एका वर्गापुरती निर्माण झाली असेल, तर ती सगळ्या समाजात कशी पसरली, हा त्यातील एक प्रमुख प्रश्न होता. कोणी एका स्मृतिकाराने ती लादली, हे उत्तर बाबासाहेबांनी नाकारले. त्यांनी आधार घेतला तो फ्रेंच विचारवंत गाब्रिएल तार्द यांच्या अनुकरणविषयक नियमांचा. अनुकरण वरून खाली वाहते आणि अंतर जितके कमी तितके ते तीव्र होते, असे तार्द यांचे प्रतिपादन होते. ब्राह्मणवर्गाने विवाहाचे दार आतून लावून घेतले. त्याच्या निकटच्या वर्गांनी ते काटेकोरपणे गिरवले, दूरच्यांनी कमी काटेकोरपणे. आणि काही गट तर स्वतःची इच्छा नसतानाही बाहेर कोंडले गेले. जातीचा प्रसार मनाच्या एका सामान्य प्रवृत्तीने स्पष्ट करणारी ही मांडणी सामाजिक मानसशास्त्राचीच होय. बाबासाहेबांचे गुरू जॉन ड्यूई यांनी १९२२ मध्ये मानवी स्वभाव आणि वर्तन यांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या उपशीर्षकात सामाजिक मानसशास्त्राचे नाव आहे. तेव्हा हे शास्त्र आंबेडकरी विचाराला परके नाही. त्याच्या पायाशी ते आरंभापासून आहे.

२. उदाहरणासाठी गोवंडी

गोवंडी हे हार्बर मार्गावरील स्थानक. महापालिकेच्या एम पूर्व विभागात हा परिसर येतो. देवनारच्या खाडीकाठी १९२७ पासून शहराचा कचरा टाकला जाऊ लागला. ज्या वर्षी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला गेला, तेच हे वर्ष. १९७१ मध्ये देवनारचा कत्तलखाना सुरू झाला. १९७०च्या दशकात शहराच्या इतर भागांतून हटविलेल्या झोपडपट्टीवासीयांना शिवाजी नगर आणि बैंगनवाडी येथे पालिकेने आखून दिलेल्या जागांवर आणून बसविण्यात आले. मे १९७६ मध्ये अणुसंशोधन केंद्राच्या विस्तारासाठी जनता कॉलनी ही सुमारे ७०,००० लोकांची वस्ती उठवून चीता कॅम्प येथे हलविली गेली. पुढे रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांत घरे गमावलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाच्या इमारतीही याच विभागात उभ्या राहिल्या. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात एम पूर्व विभाग शहरातील सर्व विभागांच्या तळाशी होता. जानेवारी २०१६ मध्ये कचऱ्याच्या डोंगराला आग लागून धूर शहरभर पसरला, तेव्हा कित्येक मुंबईकरांना देवनारची प्रथमच आठवण झाली. याच देवनारात १९५४ पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्था उभी आहे, ही गोष्टही नोंदवून ठेवली पाहिजे.

गोवंडीत पालीचे वर्ग घेताना तरुण विद्यार्थी आम्हास एक प्रश्न पुनःपुन्हा विचारतात : नोकरीच्या अर्जावर पत्ता काय लिहावा? गोवंडी लिहावे, की चेंबूर? प्रश्न व्यवहाराचा वाटतो. परंतु त्यात सामाजिक मानसशास्त्राच्या जवळजवळ सर्व मूलभूत संकल्पना दडलेल्या आहेत. त्या एकेक करून पाहू.

३. कारणारोपण : स्वभाव की परिस्थिती?

दुसऱ्याचे वर्तन पाहिले की आपण त्याचे कारण शोधतो. या कारण लावण्याच्या क्रियेस कारणारोपण म्हणतात. फ्रिट्झ हायडर यांनी १९५८ मध्ये तिचे दोन प्रकार सांगितले. कारण माणसाच्या आत, म्हणजे स्वभावात लावता येते; किंवा बाहेर, म्हणजे परिस्थितीत. आपण दुसऱ्याच्या बाबतीत स्वभावावर अवाजवी भर देतो आणि परिस्थितीकडे डोळेझाक करतो, असे पुढील संशोधनात दिसले. १९६७ मध्ये जोन्स आणि हॅरिस यांनी विद्यार्थ्यांना क्यूबाचे नेते कॅस्ट्रो यांच्या बाजूचे व विरोधातले निबंध वाचावयास दिले. लेखकाला बाजू नेमून दिलेली होती, हे सांगूनही वाचकांनी निबंधातील मत काही अंशी लेखकाचे स्वतःचेच मानले. ली रॉस यांनी १९७७ मध्ये या प्रवृत्तीस कारणारोपणातील मूलभूत प्रमाद असे नाव दिले.

आता गोवंडीकडे पाहा. कचऱ्याच्या डोंगराशेजारी माणसे का राहतात? ‘त्यांना घाणीची सवय असते’ हे उत्तर स्वभावाचे. ‘त्यांना तेथे आणून बसविले’ हे उत्तर परिस्थितीचे. वर दिलेला इतिहास दुसऱ्या उत्तराच्या बाजूने उभा आहे. तरीही शहराच्या तोंडी पहिलेच उत्तर सहज येते. थॉमस पेटिग्रू यांनी १९७९ मध्ये याचा आणखी एक पदर उलगडला. परक्या गटातील माणसाचे अपयश आपण त्याच्या स्वभावाला चिकटवतो आणि त्याच्या यशाला मात्र नशीब, सवलत किंवा अपवाद म्हणतो. गोवंडीचा मुलगा नापास झाला तर ‘तिकडची मुले अशीच’. त्याच वस्तीतील मुलगी डॉक्टर झाली तर ‘तिची गोष्ट वेगळी’. कोणताही पुरावा आला तरी मूळ समज अबाधित राहील, अशी ही व्यवस्था आहे.

मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात तथागत या प्रकारच्या विचारास छेद देणारा प्रश्न करतात. एकाने उत्तम लाकडे घासून अग्नी पेटविला, दुसऱ्याने कुत्र्याच्या वा डुकराच्या द्रोणीचे लाकूड घेऊन पेटविला. दुसऱ्याच्या अग्नीला ज्वाला, तेज आणि उष्णता नसते काय? लाकूड कोठले, यावरून अग्नीचा गुण ठरत नाही. पत्ता आणि माणूस यांचा संबंधही असाच तपासून पाहावा लागतो.

४. साचा, पूर्वग्रह आणि भेदभाव

हे तीन शब्द बोलण्यात एकमेकांऐवजी वापरले जातात. शास्त्रात त्यांचे अर्थ वेगळे आहेत. एखाद्या गटातील सर्वांविषयीची एकच ठोकळेबाज कल्पना म्हणजे साचा. वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्ये ही संज्ञा छापखान्यातून उचलली. ओतलेल्या ठशातून जसा तोच मजकूर पुनःपुन्हा उमटतो, तशी मनातील प्रतिमा समोर कोणीही आला तरी तीच उमटते. त्या गटाविषयीची नावड म्हणजे पूर्वग्रह. त्या गटातील माणसाला प्रत्यक्षात कमी देणे, दूर ठेवणे वा डावलणे म्हणजे भेदभाव. साचा विचारात असतो, पूर्वग्रह भावनेत आणि भेदभाव कृतीत. ही विभागणी उपयोगाची आहे, कारण तिन्ही नेहमी एकत्र असतातच असे नाही. मनात पूर्वग्रह असूनही कायद्याच्या धाकाने भेदभाव न करणारा माणूस असतो. आणि मनात कोणाविषयीही द्वेष नसताना कार्यालयाची रीत म्हणून डावलणारा माणूसही असतो.

भेदभाव मोजता येतो काय? डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी यासाठी एक साधी पद्धत वापरली. वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी समान पात्रतेचे अर्ज पाठविले. फरक केवळ नावाचा. काही नावे उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जास पुढील बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोन-तृतीयांश, तर मुस्लिम नावाच्या अर्जास सुमारे एक-तृतीयांश होता. अर्ज उघडणाऱ्याने माणूस पाहिला नव्हता. त्याने फक्त नाव वाचले होते. तरुणांच्या मनात पत्त्याचा प्रश्न का उद्भवतो, हे यावरून समजते.

पाली वाङ्मयात ‘सञ्ञा’ ही संकल्पना आहे. खुणेवरून ओळखणे हे तिचे कार्य. मधुपिण्डिक सुत्तात जी साखळी सांगितली आहे ती येथे विचार करण्याजोगी आहे. स्पर्शातून वेदना, वेदनेतून सञ्ञा, सञ्ञेतून वितर्क आणि वितर्कातून पपञ्च, म्हणजे कल्पनांचा विस्तार. शेवटी हा विस्तारच माणसावर स्वार होतो. आधी माणूस कल्पना करतो. मग कल्पना माणसाला चालविते. साचाची घडण याहून फार निराळी नाही.

५. मनाचा विसंवाद

आपण न्यायी आहोत, असे बहुतेक माणसांना स्वतःविषयी वाटते. त्याच माणसाच्या घरी काम करणाऱ्या बाईसाठी चहाचा कप मात्र वेगळा ठेवलेला असतो. या दोन गोष्टी मनात एकत्र नांदत नाहीत. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये अशा स्थितीस बोधात्मक विसंवाद म्हटले. विसंवाद असह्य होतो, म्हणून माणूस एक बाजू बदलतो. सवय बदलणे कठीण. मत बदलणे सोपे. मग ‘ती माणसे स्वच्छ नसतात’ हे मत तयार होते आणि कप जेथल्या तेथे राहतो.

या सिद्धान्ताचा एक धागा भारतातून गेला आहे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर पसरलेल्या अफवांचा अभ्यास जमुना प्रसाद यांनी केला होता. ज्यांनी धक्का अनुभवला पण ज्यांच्याकडे विध्वंस झाला नव्हता, त्या लोकांत आणखी भयंकर संकटांच्या अफवा पसरल्या होत्या. फेस्टिंगर यांना त्यातून सुचले की अफवांनी भय निर्माण केले नव्हते. आधीच असलेल्या भयाला त्या कारण पुरवीत होत्या. पूर्वग्रहाची कित्येक ‘कारणे’ अशीच मागाहून आलेली असतात. म्हणूनच केवळ युक्तिवादाने पूर्वग्रह हटत नाही. एक कारण खोडले की मन दुसरे शोधते.

६. स्वगट आणि परगट

‘आपण’ आणि ‘ते’ ही विभागणी होण्यास फार मोठे कारण लागत नाही. हेन्री टाजफेल हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनांच्या युद्धबंदी छावणीत होते. परत आले तेव्हा घरचे जवळजवळ कोणी उरले नव्हते. अशा माणसाने पूर्वग्रहाचा किमान पाया कोणता, हे शोधावे यात नवल नाही. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांची, त्यांना कोणत्या चित्रकाराची चित्रे आवडली असे निमित्त सांगून, दोन गटांत वाटणी केली. गटांत भांडण नाही, स्वतःचा लाभ नाही. तरी पैसे वाटताना मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले; इतकेच नव्हे, तर परगटापेक्षा आपले अधिक दिसावे म्हणून स्वतःच्या गटाचे थोडे नुकसानही काहींनी पत्करले.

तुलनेतून येणाऱ्या या समाधानास पालीत ‘मान’ हा नेमका शब्द आहे. ‘मी श्रेष्ठ’, ‘मी समान’ आणि ‘मी हीन’ असे त्याचे तीन प्रकार. हीनतेची भावनाही मानातच मोजली आहे, कारण तिन्हींच्या मुळाशी तुलनाच असते. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेविषयी जे सांगितले ते येथे ध्यानात घ्यावे. प्रत्येक पायरीला खाली पाहावयास कोणीतरी उरतो, म्हणून संपूर्ण जिना पाडण्यास सगळे एकत्र येत नाहीत. टाजफेल यांच्या मुलांनी जे निमित्तमात्र गटांसाठी केले, ते येथे धर्माज्ञेच्या आधाराने शतकानुशतके झाले.

७. अनुसरण : बहुमतासमोर एकटा

सॉलोमन ॲश यांचा १९५१ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. तीन रेघांपैकी कोणती रेघ नमुन्याइतकी लांब, हे सांगावयाचे. उत्तर डोळ्यांसमोर स्पष्ट. खोलीतील इतर सर्वांना मुद्दाम चुकीचे उत्तर देण्यास शिकविलेले; खरा प्रयोज्य एकच. ज्या फेऱ्यांत बहुमत चुकीचे होते, त्यांतील सुमारे एक-तृतीयांश उत्तरांत प्रयोज्याने दिसणारे सत्य सोडून बहुमताचे असत्य स्वीकारले. प्रयोगाचा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. इतरांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिले, तरी ही शरणागती सुमारे चौथ्या हिश्श्यावर आली.

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीत ‘गोवंडीच्या लोकांना भाड्याने जागा देऊ नये’ असे कोणी म्हणतो आणि बाकीचे गप्प बसतात. त्या सर्वांच्या मनात द्वेष असतो असे नव्हे. पुष्कळांना केवळ वेगळे पडावयाचे नसते. अशा ठिकाणी एक माणूस ‘हे योग्य नाही’ एवढे बोलला, तरी इतरांची जीभ मोकळी होते. सिगालोवाद सुत्तात चार अगती, म्हणजे चुकीच्या मार्गाला नेणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत : छन्द, दोस, मोह आणि भय. आपण अन्यायाचे मूळ बहुधा द्वेषात शोधतो. भयही तितकेच समर्थ कारण आहे, हे तेथे स्पष्ट आहे. बहुतांच्या बोलण्यावरून वा परंपरेवरून एखादी गोष्ट मान्य करू नये, स्वतः पारखून घ्यावी, हा कालामांना केलेला उपदेश आपण नेहमी बुद्धिवादाचा दाखला म्हणून देतो. तो धैर्याचाही उपदेश आहे.

८. कलंक आणि तीन वाटा

अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये कलंकाचे दोन प्रकार सांगितले. एक दिसणारा, दुसरा लपविता येणारा. पत्ता हा दुसऱ्या प्रकारात मोडतो. लपविता येणाऱ्या कलंकाचा जाच असा की, माणूस सतत सावध राहतो : कोणाला किती सांगितले, कोणाला कळले, कोणी घरी येतो म्हणाला तर काय करावे? ही दक्षता शक्ती खाते.

हा भार बालवयातच पडू लागतो. केनेथ व मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने अमेरिकेत १९४०च्या सुमारास कृष्णवर्णीय मुलांपुढे काळ्या व गोऱ्या बाहुल्या ठेवल्या. बहुसंख्य मुलांना गोरी बाहुली चांगली वाटली. १९५४ मध्ये वेगळ्या शाळांची पद्धत घटनाबाह्य ठरविताना तेथील सर्वोच्च न्यायालयाने या संशोधनाचा निर्देश केला. भारतात कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील ६४२ शाळकरी मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडवावयास दिले. जात उच्चारली नव्हती तेव्हा तथाकथित उच्च आणि नीच जातींच्या मुलांत लक्षणीय फरक दिसला नाही. सर्वांसमक्ष नाव आणि जात पुकारल्यावर मात्र नीच मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. बुद्धी तीच, कागद तोच. बदलले ते भोवतालचे वातावरण. या प्रकारच्या प्रयोगांचे निष्कर्ष जगात सर्वत्र सारख्याच तीव्रतेने आढळलेले नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु हजेरीच्या वेळी वर्गात कोणाची जात वा वस्ती पुकारू नये, एवढे शिकण्यास हा एक प्रयोगही पुरेसा आहे.

कमी लेखलेल्या गटातील माणसापुढे कोणत्या वाटा असतात? टाजफेल आणि जॉन टर्नर यांनी १९७९ मध्ये तीन सांगितल्या. पहिली, एकट्याने गट सोडून वर निसटणे. दुसरी, तुलनेची कसोटी बदलणे, म्हणजे ज्या गुणात आपला गट उजवा आहे त्याचा अभिमान धरणे. तिसरी, सर्वांनी मिळून गटाचे स्थानच बदलणे.

अर्जावर गोवंडीऐवजी चेंबूर लिहिणे ही पहिली वाट होय. थोरात-अटवेल यांचे आकडे पाहता ती चोखाळणाऱ्या तरुणास दोष देणे आम्हास योग्य वाटत नाही. पोटाचा प्रश्न आहे. परंतु तिची मर्यादा ओळखावी. एक जण निसटतो, पत्ता मात्र होता तसाच राहतो. आणि यशस्वी माणसाने गोवंडीचे नाव न घेतल्यामुळे गोवंडीतून यशस्वी माणसे निघतच नाहीत, या समजाला बळ मिळते. दुसऱ्या वाटेने स्वाभिमान जागतो, पण नळाला पाणी येत नाही. तिसरी वाट महाडची आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची. नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखोंनी एकत्र येऊन, ज्या वर्गवारीत आपणास हीन ठरविले होते ती वर्गवारीच नाकारली. वासेट्ठ सुत्तात हा विचार तात्त्विक पातळीवर येतो. गवत, कीटक, पशू, पक्षी यांच्यांत जन्मजात खुणांचे भेद आहेत. माणसांत तसे नाहीत, माणसांतील भेद नावापुरते आणि व्यवहारातले आहेत. जे नावाने निर्माण झाले ते सामूहिक निश्चयाने बदलता येते. नाव बदलल्याने कचऱ्याचा डोंगर हलत नाही, हे खरे. पण तो हलविण्याची मागणी ताठ मानेने करता येते.

९. संपर्क : केव्हा उपयोगी, केव्हा नाही

एकमेकांत मिसळले की गैरसमज दूर होतात, असे म्हटले जाते. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये या समजुतीला अटी घातल्या. संपर्कात दोन्ही बाजूंचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट समान हवे, ते गाठण्यासाठी सहकार्य हवे, आणि या सर्वांस अधिकारी संस्थेचे पाठबळ हवे. पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. संपर्काने पूर्वग्रह सामान्यतः कमी होतो आणि या अटी असल्यास अधिक कमी होतो, असे त्यांना आढळले. उत्तर प्रदेशच्या ग्रामीण भागात मॅट लो यांनी बाराशेहून अधिक तरुणांचा क्रिकेटचा प्रयोग केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या जातींचे तरुण एकाच संघात खेळले तेव्हा जातीबाहेरची मैत्री वाढली. प्रतिस्पर्धी म्हणून समोरासमोर आले तेव्हा तसे घडले नाही, उलट परिणाम दिसला.

गोवंडीची बाई चेंबूरच्या घरात वीस वर्षे रोज काम करते. संपर्क पुष्कळ, दर्जा मात्र असमान. हार्बर लोकलच्या डब्यात सर्व वस्त्यांची माणसे खांद्याला खांदा लावून उभी असतात. संपर्क आहे, समान कार्य नाही. अशा संपर्काने साचा मोडत नाही, कधी अधिक घट्टही होतो. याउलट महापालिकेच्या शाळेतील विज्ञान प्रदर्शन, रुग्णालयातील रक्तदान शिबिर, पाण्यासाठी दोन वस्त्यांनी मिळून काढलेला मोर्चा यांत चारही अटींची शक्यता असते.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात शाक्य कुमारांच्या प्रव्रज्येची कथा आहे. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किम्बिल आणि देवदत्त हे कुमार आणि त्यांचा न्हावी उपालि अनुपिय येथे तथागतांकडे आले. उपालिला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा मान उतरेल, अशी विनंती कुमारांनीच केली. ती मान्य झाली. संघातील ज्येष्ठता दीक्षेच्या क्रमावर असल्याने न्हावी ज्येष्ठ झाला. येथे ‘आधी मन शुद्ध करा, मग वंदन करा’ असे सांगितलेले नाही. आधी आचरण बदलले आणि त्यामागे संस्थेचा नियम उभा केला. पुढे हाच उपालि विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार ठरला. त्या सहांत देवदत्तही होता, हे विसरू नये. योग्य व्यवस्था पुष्कळांना बदलते, प्रत्येकाला बदलतेच असे नाही.

१०. समारोप

सुत्तांतील वचने आणि आधुनिक प्रयोग यांची सांगड घालताना एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी सर्व काही सांगून ठेवले होते, असा आमचा दावा नाही. सुत्तांचे प्रयोजन दुःखमुक्तीचे आहे. प्रयोगशाळेचे प्रयोजन मापनाचे. सुत्त माणसाला स्वतःच्या मनाकडे वळविते, शास्त्र त्याच मनाचे वर्तन बाहेरून मोजते. दोघांनी एकच गोष्ट वेगळ्या बाजूंनी पाहिली, तर आपणास ती अधिक स्पष्ट दिसते, इतकेच.

वरील संकल्पनांचा इत्यर्थ एवढाच की, पूर्वग्रह हा काही दुष्ट माणसांचा खास दुर्गुण नाही. वर्गवारी, तुलना, भय, सवय आणि सोयीचे समर्थन या सामान्य मनोव्यापारांतून तो घडतो. अन्यायी समाजरचना त्याला दिशा आणि बळ देते. म्हणून केवळ उपदेशाने तो जात नाही; भेटण्याच्या अटी बदलाव्या लागतात, नियम करावे लागतात, आणि बैठकीत कोणीतरी आधी तोंड उघडावे लागते.

आणि तो सामान्य मनोव्यापार असल्यामुळे आपल्यालाही लागू आहे. पक्क्या इमारतीतला गोवंडीकर ‘आम्ही देवनारला राहतो’ असे सांगतो. रस्त्याच्या अलीकडची वस्ती पलीकडच्या वस्तीबद्दल तेच शब्द वापरते, जे शहर दोघींबद्दल वापरते. कचरा वेचणारी स्त्री, शेजारचे मुस्लिम कुटुंब, कालपरवा परप्रांतातून आलेला मजूर यांच्याविषयी आपल्या घरांत काय बोलले जाते, हे प्रत्येकाने ऐकून पाहावे. विहारांतील अभ्यासवर्गांनी यापैकी एकेक संकल्पना घेऊन एका रविवारी तिची चर्चा करावी आणि आठवडाभरातले आपल्याच वस्तीतले एक उदाहरण प्रत्येकाने आणावे. ज्या दिवशी आपण शेजारच्या वस्तीचा पत्ता ऐकून माणसाविषयी मत बनविणे थांबवू, त्या दिवशी आपल्या पत्त्यावरून आपले मोल ठरविणाऱ्यास जाब विचारण्याचा आपला अधिकार पूर्ण होईल.